वॉटर स्ट्रीटवर गोल फिरणारा इसम

टॅमरॅक कोव्ह पोलीस ठाणे. दि. ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून ३५ मिनिटे.

नाव: आर्नी विल्यम लेहतो. वय: ६७ वर्षे. धंदा: निवृत्त पोस्टमन. राहणार: ९ स्प्रूस स्ट्रीट, टॅमरॅक कोव्ह, मिशिगन. घरात इतर माणसे: नाहीत.

मी वर नाव लिहिलेला इसम ठाण्यात स्वतः येऊन, ऑफिसर ब्रेंडा कांगस यांनी विचारल्यावरून सांगतो ते असे की, मी वरील पत्त्यावर चौतीस वर्षे राहत आहे. पत्नी आयलीन तीन वर्षांपूर्वी वारली. मी आज सकाळी दारू घेतलेली नव्हती. हे सगळ्यात आधी लिहून घ्यावे, अशी माझी विनंती होती.

गेल्या ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती. तिथे मी हातात मावणारा एक जुना स्कॅनर पंधरा डॉलरला घेतला. स्कॅनर म्हणजे वायरलेसवर चाललेली दुसऱ्यांची बोलणी ऐकण्याचा डबा. तो एकामागून एक चॅनेल चाळत जातो आणि कुणी बोलले की थांबतो. त्याला ऐकता येते, बोलता येत नाही. तो का घेतला, असे विचारल्यावरून सांगतो की, घरात कुणीतरी बोलत असावे असे वाटले. हे वाक्य लिहू नका असे मी म्हणालो, पण तोवर लिहून झाले होते.

या छंदाची सुरुवात मला डेल्फिन कॅडॉट यांनी करून दिली. या बाई काउंटीच्या अँब्युलन्स कक्षात तीस वर्षे वायरलेसवर होत्या. आता साठ मैलांवर लेकीकडे राहतात. त्या फोनवर म्हणाल्या, "महागडा संच घेऊन काय करणारेस? अँटेना तेवढी बरी घे, खिडकीशी बस आणि एक वही ठेव. वेळ लिही, ऐकलेलं लिही. स्वतःची अक्कल त्यात घालू नकोस." मी अँटेना घेतली आणि वही घेतली.

पहिले तीन आठवडे मी फक्त हवामानाचे चॅनेल ऐकले, कारण दुसरे लावता येत नव्हते. त्यावर बोलणारे गृहस्थ रात्रंदिवस कामावर असत, कधी खोकत नसत, कधी चुकत नसत. मला त्यांचे फार कौतुक वाटले. मी हवामान कचेरीच्या पत्त्यावर त्यांना आभाराचे पत्र लिहिले आणि थोडी विश्रांतीही घ्या असे सुचवले. तो आवाज यंत्राचा आहे, हे डेल्फिनने सांगितले. हसणे थांबल्यावर सांगितले.

नोव्हेंबरात मला एका चॅनेलवर एक बाई हळू आवाजात बोलताना ऐकू आली: "हललास तर बघ. दार लावून घेतलंय मी. आता सकाळपर्यंत सुटका नाही." मी याच ठाण्याला फोन करून कुणाला तरी डांबून ठेवल्याची खबर दिली. ऑफिसर कांगस यांनी शोध घेतला. आवाज माझ्या शेजारच्या घरातून, बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यावा म्हणून पाळण्याजवळ ठेवतात त्या यंत्रातून येत होता. डांबून ठेवलेला इसम आठ महिन्यांचा निघाला.

तिसरी गोष्ट मी सांगणार नव्हतो, पण तिच्याशिवाय आजची समजणार नाही. डिसेंबरात एका दुपारी स्कॅनरवर ऐकले की, अल्डर रोडवर रॉय पेल्की यांच्याकडे अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, श्वास नाही, नाडी नाही. रॉय अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्याची मोठी बहीण मार्लिस रस्त्याच्या पलीकडे राहते. दोघांची लग्ने झालेली नाहीत. मी तिला फोन केला आणि म्हणालो, "मार्लिस, धीर धर. तो चांगला माणूस होता." ती तशीच धावत सुटली आणि बर्फावर पडून तिचे मनगट मोडले. रॉयच्या अंगणात अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांचा सराव चालला होता. नाडी नव्हती ती रबरी बाहुल्याची. रॉय त्यांच्यासाठी कॉफी करत होता. मार्लिस तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी तिच्या दाराशी केक ठेवून आलो, तो तिने खारींना घातला. मीही तेच केले असते.

आज मंगळवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी मी खिडकीशी बसलो होतो. पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, गरम करायला ठेवली होती. स्कॅनर वॉकी-टॉकीच्या एका चॅनेलवर थांबला आणि रॉयचा आवाज आला. "मार्लिस, अगं ऐकतेस का? बर्फ तुटलंय. किनारा लांब चाललाय माझ्यापासून." थोड्या वेळाने पुन्हा: "फोन पाण्यात गेला. तू घे ना तो डबा हातात."

मी मोठ्याने म्हणालो, "ऐकतोय रॉय, कुठे आहेस?" माझा डबा बोलू शकत नाही हे मला माहीत आहे. तरी मी त्याला चार वेळा उत्तर दिले.

रॉय रोज सरोवरावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला बसतो. त्याच्याकडे आणि मार्लिसकडे वॉकी-टॉकीची जोडी आहे. रविवारी सौनाच्या, म्हणजे वाफेने शेकायच्या खोलीच्या, लाकडांवरून दोघांचे वाजले आणि तिने आपला संच बंद करून खणात टाकला, हे आज नंतर कळले.

१० वाजून २६ मिनिटांनी मी मार्लिसला फोन केला. संभाषण असे झाले:

"मार्लिस, आर्नी बोलतोय. ठेवू नकोस. रॉय..."

"या वेळी कशाने गेला?"

"गेला नाही. बर्फावर अडकलाय. तुझा वॉकी-टॉकी सुरू कर."

"माझं दुसरं मनगट अजून शाबूत आहे आर्नी, ते राहू दे."

तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

१० वाजून ३१ मिनिटांनी मी ठाण्याला फोन केला. ऑफिसर कांगस म्हणाल्या, "आर्नी, बाळ पुन्हा पळालं का?" मी हकीकत सांगितली. त्यांनी मार्लिसला विचारले. मार्लिसने सांगितले की, रॉय रोजच्यासारखा बंदराच्या बंधाऱ्याआड बसला असेल, आणि आर्नीचे डोके तपासून घ्या. हे ऑफिसरनी मला जसेच्या तसे कळवले. त्यांचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या जागी मी असतो तर फोनच उचलला नसता.

मी डेल्फिनला फोन लावला. ती हसली नाही. म्हणाली, "ऐकलेलं सांग. वाटलेलं नको." मी वही वाचून दाखवली. ती म्हणाली, "कोण विश्वास ठेवेल ते सोड. दिशा काढ. किनाऱ्यावर जा. अँटेना काढून टाक, डबा पोटाशी घट्ट धर आणि जागच्या जागी हळूहळू फीर. तो बोलत असताना तुझी पाठ त्याच्याकडे झाली की आवाज मरेल, कारण तुझं अंग आड येईल. आवाज नीट येईल तिकडे, तुझ्या तोंडासमोर तो आहे."

"जमेल का मला?"

"आड यायला तुझ्याइतकं अंग पुष्कळ झालं. पळ."

११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास मी किनाऱ्यालगत वॉटर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानाच्या गाड्या लावायच्या जागेत पोहोचलो. बर्फ भुरभुरत होते. शंभर पावलांपलीकडचे दिसत नव्हते. रॉय पंधरा-वीस मिनिटांनी एकदाच बोले, बहुधा बॅटरी वाचवत असावा. तो केव्हा बोलेल याचा नेम नव्हता, म्हणून मी फिरतच राहिलो. गिऱ्हाइके गाड्यांतून बघत होती. एका बाईंनी काच खाली करून माझ्याकडे एक डॉलर धरला.

११ वाजून ५२ मिनिटांनी स्कॅनर आमच्या गावच्या पोलिसांच्या चॅनेलवर थांबला. मजकूर असा: "वॉटर स्ट्रीट, किराणा दुकानासमोर एक वयस्क पुरुष. लाल चौकड्यांची टोपी. पोटाशी काळा डबा धरून गोल गोल फिरतोय. बहुतेक प्यायलेला आहे." मी वेळ वहीत लिहिली आणि तो इसम कुठे दिसतो का, म्हणून आजूबाजूला पाहिले. टोपीला हात लावल्यावर उलगडा झाला.

ऑफिसर कांगस पाच मिनिटांत आल्या. त्या म्हणाल्या, "आर्नी, गाडीत बसा. घरी सोडते तुम्हाला."

मी म्हणालो, "दहा मिनिटं थांब, ब्रेंडा. तुझ्या घरची पत्रं मी वीस वर्षं टाकली, एकदा तरी चुकीच्या दारात टाकलं का?"

"एकदा टाकलं होतंत."

"बरं, एकदा. दहा मिनिटं थांब."

त्या थांबल्या. डबा मुका होता. सहा मिनिटे गेली, आठ गेली. मला वाटले, बॅटरी संपली असेल. दुसरेही वाटले, ते मी वहीत लिहिले नाही. ऑफिसरनी माझ्या कोपराला धरले. तेवढ्यात रॉय बोलला. जीभ जड झाली होती. "मार्लिस, पाय कळत नाहीत आता. तू बोलू नकोस वाटलं तर, नुसता डबा सुरू ठेव." नंतर तो आणखी बोलला.

ऑफिसर कांगस यांनी माझ्या कोपरावरचा हात काढला आणि आपल्या वायरलेसवर बचाव पथकाची बोट मागवली. ही बोट पाठीमागच्या मोठ्या पंख्यावर बर्फावरूनही चालते. मग त्या मला म्हणाल्या, "फिरा. थांबू नका."

तो बंधाऱ्याकडे असेल, असे सगळ्यांना वाटत होते. मलाही वाटत होते. पण आवाज उलट्या बाजूने, ईशान्येकडून येत होता. आम्ही गाडीने बोटींच्या धक्क्यावर गेलो. तिथे पुन्हा फिरणे आवश्यक होते. मला चक्कर आल्याने दुसऱ्या खेपेस ऑफिसर कांगस गणवेशात फिरल्या. हे त्यांनी या जबाबात लिहू द्यायला हरकत घेतलेली नाही. दोन ठिकाणांच्या दोन रेघा आम्ही नकाशावर ओढल्या. त्या किनाऱ्यापासून दीड मैलावर एकमेकींना छेदत होत्या. मी म्हणालो, "माझा भरवसा धरू नका." ऑफिसर म्हणाल्या, "तुमचा नाही धरत, रेघांचा धरतेय."

१ वाजून ५ मिनिटांनी बोटीवरच्या माणसांना रॉय सापडला. बर्फाचा तुकडा वर्गाच्या खोलीएवढा उरला होता. तो शुद्धीवर होता. पायाची दोन बोटे जातील असे डॉक्टर म्हणतात, बाकी माणूस शिल्लक आहे.

हॉस्पिटलमध्ये मार्लिस बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर तो वॉकी-टॉकी होता, सुरू केलेला. मी लांब उभा राहिलो. तिने हाताने जवळ बोलावले.

"अडीच तास ऐकत होतास तू त्याला?"

"हो."

"मला हाका मारत होता?"

"हो."

"काय म्हणाला?"

मी उत्तर दिले, "बर्फाबद्दल बोलत होता. नीट ऐकू आलं नाही." ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग बाकावर थोडी सरकली. मी बसलो.

माझी वही तपासासाठी ठाण्यात जमा केली आहे. तिच्यातले एक पान फाडलेले का आहे, असे विचारल्यावरून सांगतो की, ते मी फाडले. रॉय नऊ वेळा बोलला. त्यांतले वेळ, वारा, पाय आणि किनारा यांच्याबद्दलचे सर्व वहीत आहे. उरलेले एका माणसाने आपल्या बहिणीला सांगितलेले होते, मला नव्हे. ते पान मी हॉस्पिटलमध्ये रॉयच्या हातात दिले. तो आता शुद्धीत आहे, त्याला तोंड आहे, आणि ती दाराबाहेरच बसली आहे. त्या पानावर काय होते, असे ऑफिसर कांगस यांनी मला दोनदा विचारले. आठवत नाही, असे मी दोनदा सांगितले. ऑफिसरनी ते तसेच लिहून घेतले.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेवढे त्यात आले आहे. मी सांगितले नाही ते त्यात आलेले नाही. दोन्ही बरोबर आहे.

सही: आर्नी वि. लेहतो
समक्ष: ऑफिसर ब्रेंडा कांगस