हात पुढे धरा

मी मूळची वर्धेकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा ह्यांना कारखान्यात काम लागलं होतं, बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या आणि मी शिलाई मशीन मांडली. काय सांगू तुम्हाला, आधी ब्लाउज, मग पंजाबी ड्रेस, मग रेडिमेड आलं आणि शिवणं गेलं, आता खराडीच्या कंपन्यांतल्या पोरी जीन्स घेऊन येतात, मावशी दोन इंच कमी करा. करते, दुसरं काय.

तर मला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तंबाखूला कधी हात लावला नाही, पण विचारतो कोण. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणाला आई हे केमो नाही, ह्यानं अंगातलीच ताकद रोगावर सोडतात. गाठ लहान झाली, आम्ही पेढे वाटले. पण तिथल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, त्रास फार वाढला तर कधीकधी औषध थांबवावं लागतं. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं.

आणि मग हे सुरू झालं. बसवेना बाप्पा. छातीत धडधड, घाम, डबे घासले, परत घासले, माळा काढला, ह्यांना म्हटलं पंखा वाढवा, म्हणाले पाचवरच आहे, त्यावरून भांडले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अहो पाळी जाताना होतं असं. मला पटलं, म्हणजे पटवून घेतलं. सुईत दोरा जाईना. एका पोरीच्या जीन्सचा एक पाय आखूड झाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती हसली, मी रडले. पण दवाखान्यात विचारलं, मावशी काही त्रास? काही नाही, मजेत.

ह्यांचं असं आहे की डॉक्टरसमोर तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी मी पदराखाली हात दाबून बसले होते आणि हे एकदम म्हणाले, साहेब, हिला हात पुढे धरायला सांगा. धरले. पेन दिलं असतं तर टेबलभर रेघोट्या उठल्या असत्या. रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ती जागी केलेली ताकद कधीकधी गळ्यातल्या ग्रंथीवरही जाते, वयाचं नाही हे, लपवलंत तर हृदयावर येईल. मी म्हटलं, सलाइन थांबवणार? म्हणाले, नाही हो, गोळ्या देऊ. दीड महिना मी जीव मुठीत धरला, तो ह्यासाठी! तरी बाहेर येऊन ह्यांच्यावर ओरडलेच, थांबवलं असतं म्हणजे? हे म्हणाले, थांबवलं असतं तर दुसरं शोधलं असतं, तू दुसरी कुठून आणू?

आता ती ग्रंथी दमली, सगळं उलटं झालं, जन्मभर सकाळी उपाशीपोटी गोळी, मग अर्धा तास चहा नाही. तो अर्धा तास जात नाही हो, मी आपली ह्या खोलीतून त्या खोलीत. हेही चहा घेत नाहीत तोवर. घ्या म्हणते, नाही म्हणतात. छातीतली गाठ वाढली नाही, आहे तेवढीच आहे. आमच्याकडे बायका देवाकडे मागतात, कुंकवासकट ने. मीही मागायचे. आता नाही मागत. मला राहायचंय.