तापलं की रुसणारं इंजिन

काय सांगू तुम्हाले, मी मूळची अमळनेरकडची, सातवी शिकलेली, लग्न झालं आणि मालकाच्या मागं सिल्वासाले आली, चौऱ्याऐंशी साल असंल. हे खडोलीले दोऱ्याच्या कारखान्यात लागले, मी सायली गावाले कॉइलच्या कारखान्यात. कॉइल म्हणजे गाडीच्या इंजिनाले ठिणगी देणारा डबा, आत केसाएवढी बारीक तांब्याची तार, तिचे वेढे मारत बसायचं. सगळ्या बायाच होतो वेढे मारायले. टेस्टिंगच्या टेबलावर मात्र माणसं, आयटीआयवाली, पंख्याखाली.

मले ते टेबल पाहिजे होतं. पंख्यासाठी नाही हो. आम्ही बनवलेला माल गिऱ्हाइकाकडून परत यायचा, टेबलावरचा मीटर त्याले चांगला म्हणायचा, आणि शिव्या कोणाले, तर आम्हाले. एक दिवस परत आलेली कॉइल मी भट्टीजवळ ठेवली, चांगली तापू दिली आणि मंग मीटर लावला, तर काटा हलेच ना. गार झाली, काटा परत हलायले लागला. म्हणजे आतला सांधा तापला की सुटतो, निवला की चिकटतो. मी जोगळेकर साहेबांले सांगितलं, माल गरम करून तपासा. ते पुण्याचे इंजिनियर, स्वभावानं वाईट नाहीत, पण म्हणे बाई तुम्ही वेढे मारा, तपासायचं आम्ही पाहू. ते मले फार लागलं.

मंग नव्वदच्या पुढं कधीतरी आमच्या खात्याची सहल निघाली, दुधनीले, धरणाच्या पाण्यावर. रमणभाईची होडी होती, तिले जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन बसवलेलं. पलीकडच्या काठाले लागलो तर साहेबांले फोटो काढायचा होता, म्हणे हा आवाज बंद करा. रमणभाई म्हणे साहेब, बंद नका करायले लावू, गरम झालं की हे रुसतं, मंग तासभर उठत नाही. साहेबांनी ऐकलं नाही. फोटो झाला, इंजिन काही उठेना. आणि साहेबांले चारच्या पाळीले हजर व्हायचं होतं.

साहेबांनी बाह्या सारल्या. कार्बोरेटर खोललं, म्हणे पेट्रोलची वाफ होते, नळीवर पाणी ओतलं, पंपावर ओतलं, काही नाही. मी उठली. रमणभाईले म्हटलं प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरा नि सेल्फ मारा. ठिणगीच नाही. मंग कॉइलच्या डब्याले हात लावला, तर आमच्या भट्टीतून आत्ता काढल्यावाणी. होडी चालू असली की त्याले वारा लागतो, थांबली की इंजिनाची सगळी आग त्याच्यातच चढते. रमणभाईच्या खांद्यावरचा पंचा घेतला, पाण्यात बुडवून पिळला, वायरीले लागू न देता डब्याभोवती गुंडाळला. आमच्यातली शेवंताबाई हसायले लागली, म्हणे ताप आला का गं त्याले. दोन-चार मिनिटं थांबली, म्हटलं मारा आता. पहिल्या झटक्यात चालू.

बाया टाळ्या पिटायले लागल्या, पण साहेब म्हणे योगायोग असंल. मी म्हटलं बरं. पंचा काढला आणि इकडच्या धक्क्याले येईपर्यंत कॉइल तापू दिली. तठे पोचल्यावर मीच म्हटलं, रमणभाई, बंद करा. थोडं थांबून म्हटलं, परत चालू करा. नाही झालं. पंचा लावला, झालं. म्हटलं साहेब, अजून एकदा दाखवू का?

साहेबांनी स्वतः डब्याले हात लावून पाहिला. मंग सगळ्यांसमोर म्हणे, बाई, माझं चुकलं, सोमवारपासून तुम्ही टेबलावर बसा, आणि माल गरम करूनच तपासायचा.

मी बसली ना. अठरा वर्षं बसली. परत येणारा माल जवळपास थांबला. पास झालेल्या पेटीत चिठ्ठी टाकायची, तिच्यावर माझी सही, लीलाबाई पाटील, वळणदार काढायची मी. रमणभाईनं नवीन कॉइल टाकली आणि माझ्याकडून कधी भाडं घेतलं नाही, म्हणे बेन, होडी तुमचीच.

आता गुडघे गेले, मालकही गेले, पण तुम्हाले सांगते, मले कशाची रुखरुख नाही. तुम्ही गाडी घेऊन आले ना, मंग जाताना वाटेत बंद पडली आणि उठली नाही, तर कॉइलले ओला फडका लावून पाहा. चालू झाली तर माझं नाव घ्या. नीट जा, सुखी राहा.