बेलोच्या थोरल्याला निरोप

नाही, बसत नाही. उभाच बरा. आणि इतक्यात लिहायला घेऊ नको, आधी ऐक. रेडिओवर ते हवामानाचं वाचलं ती तूच ना? आवाज ओळखला मी. "येता आठवडाभर साऱ्या प्रदेशात धोकादायक उष्णता, दुपारी घराबाहेर पडू नये, त्यानंतर उत्तर भागात वादळी वारे आणि विजांसह पाऊस, झाडाखाली थांबू नये." पाठ झालंय मला. चांगलं वाचतेस, पोरी, अडखळत नाहीस. पण मला एक सांग — गाय कुठल्या घरात थांबते? आणि आम्ही तरी कुठल्या? चार काठ्या नि वर चटई, त्याला तुमच्या राजधानीतले साहेब घर म्हणत असतील तर म्हणोत. झाडाचं म्हणशील, तर आमच्या उत्तरेला दिवसभर चाललं की एक झाड लागतं. त्याच्याखाली थांबायचं नाही, मग काय माणसाने गायीच्या पोटाखाली बसायचं? — हस, हस. मी रागावत नाही.

तक्रार घेऊन नाही आलो. रेडिओ खरं बोलला. उष्णता म्हणाला, उष्णता आली. विहिरीवरचा दोर हातात धरवेना, वासरं पाण्याशी येऊन पाणी न पिताच बसायला लागली. अशा वेळी थोरलं पोरगं काय करणार? क्षितिजाशी वीज चमकली की आमचा माणूस तिकडे निघतो. वीज म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे हिरवं. बाप तेच करत आला, आजा तेच. निघाला तो. मी नको म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्याच्याशी मी — आमचं बोलणं कमीच. मग तो निघाल्यावर तुझं हे पुन्हा लागलं, तेव्हा वादळाचं नीट ऐकलं. तापलेलं, हाडं वर आलेलं जनावर पहिल्या गार पावसात उभ्या उभ्या कोसळतं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी बाजारच्या दिवशी इथे आलो होतो. तू नव्हतीस. तो दुसरा होता, जाड, खोकणारा. त्याला सांगितलं, मी बेलो, माझ्या पोराला निरोप वाच — "बेलोच्या थोरल्या, जिथे असशील तिथून गुरं फिरव, वादळाआधी दक्षिणेच्या विहिरीवर ये." तो म्हणाला, बाबा, पोराचं नाव? मी म्हटलं, हेच आहे माझ्याजवळ. जाणता माणूस. एकदा खोकला, पुढे विचारलं नाही.

आणि वाचलं त्याने. तीनदा वाचलं. मग काय झालं माहीत आहे? आले ना! बेलोचे थोरले आले — या दाकोरोच्या मुलखात बेलो काय एक आहे? गोठ्यागोठ्याला बेलो. एक आला पूर्वेकडून, सगळा कळप घेऊन, धापा टाकत. एक आला त्याची बायको नुकती बाळंत झालेली, त्याला वाटलं तिचं काही बरंवाईट. आणि एक तर असा आला की त्याचा बाप तीन पावसाळ्यांमागे मेलाय! मी म्हटलं, अरे गाढवा, तुझा बाप जिवंत नाही, तू कशाला आलास? तर म्हणतो, बाबा, मेलेला बाप रेडिओवरून बोलावतो म्हणजे काम तसंच महत्त्वाचं असणार. सगळी विहीर हसली. मीही हसलो. त्यांच्या आया मला दूध घेऊन आल्या, तुमच्यामुळे पोरं वेळेत परतली म्हणून. प्यालो. नाही कसं म्हणणार.

माझा नाही आला.

तो बाळंतिणीचा नवरा मला म्हणाला — सांगू नये ते पण सांगतो — म्हणाला, तुमचा मला तळ्याच्या कोरड्या पात्राशी भेटला होता. रेडिओ माझ्याच खांद्याला होता, दोघांनी मिळून ऐकलं. मी त्याला म्हटलं, तूही बेलोचाच थोरला, तुलाच बोलावत असतील. तर तो हसला. म्हणाला, "हा निरोप तुझा. माझा बाप मला हाक मारायचा नाही." आणि गेला पुढे. रागाने नाही म्हणाला हं. मी विचारलं त्याला, रागाने म्हणाला का? तो म्हणाला, नाही बाबा, ऊन आहे म्हणावं तसं म्हणाला.

तुझाही बाप आमच्यातलाच दिसतो, तुला समजावत बसत नाही. थोरल्याचं नाव बापाने घ्यायचं नसतं. आईने घ्यायचं नसतं. धाकट्यांना मी खांद्यावर बसवलं, भांडलो, शिव्या दिल्या, नावाने दिल्या. थोरल्याला उचलायचंही नसतं. एकदा विहिरीच्या काठावर पडला, गुडघा फुटला, एवढासा होता — मी गायींकडे बघत उभा राहिलो. सगळे बघत होते ना. माणसाला लाज असावी लागते. तो रडला नाही. माझ्याकडे बघितलं, मग तोही गायींकडे बघायला लागला. नाव माझ्या भावाने ठेवलं, हाकही तोच मारायचा, मोठ्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कुंपणाशी काहीतरी काम काढून उभा राहायचो त्या वेळी. नाही, सहज. काम असायचं. — भाऊ गेला. त्याची बायको नवऱ्याचं नाव कशी घेईल? पोर त्याची अजून बोलत नाही. धाकट्यांनी थोरल्या भावाचं नाव घ्यायचं नसतं. झालं, आमच्या गोठ्यात त्याचं नाव घेणारं तोंडच उरलं नाही. मी काठी जमिनीवर आपटायचो. तो वळायचा. तेवढ्यावर चाललं होतं आमचं, उत्तम चाललं होतं.

काय? हो. वादळ काल झालं. तिसऱ्या प्रहरी उत्तरेला धुळीची लाल भिंत उभी राहिली, आम्ही विहिरीवरून बघितली. विजा तर अशा की आमची म्हातारी डोळे झाकून बसली.

गुरं आली ना, गुरं आली. आज सकाळी. सगळी नाही, पण बरीच. लांब शिंगांची लाल गाय पुढे, अंगावरचा चिखल वाळलेला. मागून गाढव. गाढवाच्या पाठीवर त्याची पाण्याची पखाल, तोंड बांधलेलं, भरलेली. म्हणजे तहानेने नाही — म्हणजे पाणी होतं त्याच्याजवळ, एवढंच म्हणतो मी. धाकटे दोघे उंट घेऊन गेलेत माग काढत. त्यांना वाटतं पाय मुरगळला असेल, कुठे बसला असेल. वाटू दे. तू पण तेच म्हणणार होतीस, दिसतंय मला. नको म्हणू. आमच्यात गुरं एकटी येत नाहीत, पोरी.

तर आता निरोप. या वेळी नावानिशी. मी आलोय कशाला मग! साऱ्या मुलखाला ऐकू जाईल ना? तळ्यापर्यंत? तळ्याच्या पलीकडे? बरं. — नाही, "परत ये" लिहू नको. "वादळाआधी" तर नकोच. विहीर नको, बेलो नको. पुढे काही नको, मागे काही नको. नुसतं नाव.

तू वाचशील? तुझा आवाज चांगला आहे, पण त्याने तुझा आवाज कधी ऐकलेला नाही. सरक. यात बोलायचं? इतक्या जवळून? दिवा लागला म्हणजे सुरू का? माझ्याकडे बघू नको. तिकडे बघ, भिंतीकडे.

जुल्दे!

…

पुन्हा नाही. एकदा म्हटलं ना. घालव तो दिवा. बाहेर माणसं ताटकळलीत, पुढच्याला आत घे. ऊठ, पोरी, दार उघड.