पाटलाच्या बांधावरची हरळी

(नांदेड, नदीकाठची वसाहत. वैशाखातली सकाळ. पंचफुलाबाई पायरीवर बसलेल्या. मुलगी बुद्धप्रिया अंगणातल्या पिवळ्या पडलेल्या हिरवळीवर पाण्याची नळी धरून उभी.)

पंचफुला : बंद कर ती नळी. मेल्याला पाणी पाजून काय होतंय?

बुद्धप्रिया : थोडंच मारते, आई.

पंचफुला : थोडं मारतीस हेच तर चुकतंय. ही काय तुझ्या लातूरची काळी माती हाय का, घोटभर पाणी दिवसभर धरायला? नदीची वाळू ही. वरच्या वर मारलं की वरच्या वर सुकतंय. तुझा बाबा पहाटं नळी सोडायचा, खोल मुरू द्यायचा, मग एक-दोन दिस तिकडं बघायचा बी न्हाई.

बुद्धप्रिया : एवढं तुझ्या लक्षात आहे? तू तर त्यांच्या हिरवळीला नावं ठेवायचीस.

पंचफुला : नावं ठेवायला बी नीट बघावं लागतंय की.

बुद्धप्रिया : दादा दुपारी गट्टूवाल्याला घेऊन येतोय. तू हो म्हणालीस?

पंचफुला : हाव म्हणले. आनंदा म्हणतो ते बी खरं हाय. तुझा बाबा गेल्यावर जलदानाच्या विधीला मांडव घातला, खाली ताडपत्री. भेटायला लोक येतच राहिले, ती उचलायचं कुणाला सुचलं न्हाई. उचलली तर खाली हे असं, समदं पिवळं. तो म्हणला, आई, आता हे जगत न्हाई. सिमेंटचे गट्टू बसवू, झाडायला सोपं.

बुद्धप्रिया : आणि तुला काय वाटतं?

पंचफुला : मला काय वाटायचं? बाबाचं होतं. बाबा गेला.

बुद्धप्रिया : पहिल्यांदा त्यांनी नर्सरीतली हिरवळ आणली होती ना? मऊ, गालिच्यासारखी.

पंचफुला : आणली की. चटईवानी गुंडाळून, ऑटोत घालून. मे लागला अन् पापडासारखी कडकडून गेली. मी म्हणलं, सुटले. तर हा माणूस गेला नायगावकडं, शेषेराव पाटलाच्या बांधावर, अन् पोतं भरून हरळी घेऊन आला! हरळी, प्रिया! लगीन होऊन आले तवापासून ज्या पाटलाच्या रानात वाकून वाकून हरळी काढली, नखं गेली माझी, त्याच रानातली माझ्या दारात लावायला!

बुद्धप्रिया : पाटील काय म्हणाले?

पंचफुला : म्हणले, ग्यानोबा, रेल्वेतली नोकरी संपली तसं डोस्कं बी फिरलं का? पाहिजे तितकी ने बाबा, उपकार होतील आमच्यावर.

बुद्धप्रिया : बाबा हसले असतील.

पंचफुला : हसला तर. म्हणला, पाटील, जी तुमच्या चार पिढ्यांना मारता आली न्हाई, ती माझ्या वाळूत कशी मरंल?

बुद्धप्रिया : हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. मला फक्त तो गाळ आठवतो. सगळं घर तळ्यासारखं वास मारत होतं.

पंचफुला : तळ्यातला गाळ, त्यात कुजलेलं शेणखत. वाळूत कालवलं, हातानं सपाट केलं. एकेक कांडी बोटानं खोचली, मिरचीचं रोप लावावं तशी. उन्हाळ्यात बारीक कापू म्हणलं की अंगावर यायचा. म्हणायचा, असू दे वाढलेली. हिचीच सावली हिच्या मुळाला.

बुद्धप्रिया : एवढा हट्ट कशासाठी होता गं?

पंचफुला : साहेबाचा बंगला. नवीन नोकरी होती तवा तिथं धाडायचे, पाणी घालायला. हिरवीगार हिरवळ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी ह्यानं घालायचं, बसायचं न्हाई. एकदा दुपारी जरा टेकला, तर उठवलं. काय बोलून उठवलं, ते मला बी सांगितलं न्हाई त्यानं. एवढंच म्हणला, पंचफुला, आपलं घर झालं तर आधी बसायला हिरवळ, खुर्च्या मागून.

बुद्धप्रिया : म्हणून येईल त्याला खालीच बसवायचे. पोस्टमनलासुद्धा.

पंचफुला : पोस्टमन, भाजीवाली, मीटर बघायला येणारा. त्या मीटरवाल्याला तर झोपच लागली एकदा. मीच तेवढी बसले न्हाई.

बुद्धप्रिया : का?

पंचफुला : हरळी दिसली की हात खुरपं शोधतेत माझे. बसायचं कसं तिच्यावर? रोज सकाळी ह्या पायरीवरून त्याला चहाचा कप द्यायचे. म्हणायचा, ये की, टेक जरा. मी म्हणायचे, मला कामं हायेत.

बुद्धप्रिया : आई, मला ते गट्टू नको आहेत. पण मी उद्या लातूरला जाईन. रोज सकाळी दार तूच उघडणार. वाळलेलं बघवत नसेल तर मी काही म्हणणार नाही.

पंचफुला : ते खुरपं दे. कुंडीमागं हाय बघ.

बुद्धप्रिया : काय करतेस? उपटू नको.

पंचफुला : गप. जलम गेला माझा हिला मारण्यात. नांगरानं काढली, उन्हात टाकली, पेटवून दिली. चार थेंब पडले की पुन्हा हजर! मेलेली हरळी कशी दिसती, ते मी आजवर बघितलंच न्हाई. अन् ही मेली म्हणून पोरानं सांगितलं, तर खरं धरून बसले. हे बघ. ह्या गाठीला काय हाय?

बुद्धप्रिया : पांढरं टोक आहे बारीक.

पंचफुला : कोंब हाय. हा आणखी एक. अन् मूळ बघ कुठवर गेलंय. त्यानं पाणी खोल मुरवलं, तशी ही बी पाण्यामागं खोल गेली. वाळूत, माय! एवढं खोल तर पाटलाच्या काळ्या रानात बी बघितलं न्हाई मी.

बुद्धप्रिया : आई...

पंचफुला : रडू नको. माती झाक तिच्यावर, ऊन लागतंय. अन् दादाला फोन लाव. ...आनंदा? हाव, मी. गट्टूवाल्याला येऊ नको म्हण. ...न्हाई, प्रियानं न्हाई, मीच सांगायलेय. ...मेली न्हाई ती. तुला काय कळतंय रे, तू खुरपलंय का कधी? येताना शेणखत आण. कुजलेलं बघून आण, ताजं नको. ठेव.

बुद्धप्रिया : चहा टाकू?

पंचफुला : टाक. अन् प्रिया, पायरीवर नको ठेवू. हितं आण. मी टेकते जरा.