एका वेळी एकच बाटली

हॅलो? … हं, बोल ताई. … लॅबमध्येच आहे, जिन्यापाशी आलेय बाहेर. … अगं आधी तो कुकर बंद कर, तुझ्यापेक्षा त्याच्याच शिट्ट्या जास्त ऐकू येताहेत.

… कुणी सांगितलं तुला? … ह्यांनी? ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! … हो, खरं आहे. छापून आलेला माझाच शोधनिबंध मी मागे घेतेय.

… डोकं ठिकाणावर आहे माझं. … ठाऊक आहे, सोमवारी विभागप्रमुखपदाची मुलाखत आहे. गेली खुर्ची तर गेली! लाकडाचीच तर आहे.

… ऐक तर. अगं ऐक ना! रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आम्ही शिकवतोय ना, फुप्फुसाच्या कॅन्सरला ओळखायचं आणि मारायचं? … हो, शेजारणींना कौतुकाने सांगतेस तेच. तर ज्या बाटलीतल्या कॅन्सरवर त्यांना शिकवलं, तो फुप्फुसाचा नव्हताच. दुसराच निघाला. … म्हणजे कसं, पोलिसांना चोराचा म्हणून भलत्याच माणसाचा फोटो दिला, आणि त्यांनी इमानेइतबारे त्यालाच धरून चोपला. … हं. आता कळलं.

… पाहिलं ना करून. गेल्या आठवड्यात खऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशी समोर ठेवल्या. ढिम्म! आमचे पहिलवान नुसते शेजारी बसून.

… कुणाला कळणार? बरी बोललीस! मला कळलंय ना? आणि पुढच्या महिन्यात एका हॉस्पिटलात बारा पेशंटना आम्ही शिकवलेल्या त्याच पेशी टोचणार होते. बारा, ताई. घरातून निघताना ते काय आशा घेऊन येतील, आणि मी गप्प बसू?

… साहेब? साहेबांनी तोडगा तयारच ठेवला होता. आमच्या जुन्या टेक्निशियन बाई आठवतात? जाड चष्म्याच्या, तुला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या होत्या. त्या आता निवृत्त झाल्यात. साहेब म्हणे, लिहून टाका, चूक त्यांच्या हातून झाली. … तूही तेच? ताई, लाज वाटू दे! तीस वर्षांत त्या बाईंनी एक थेंब सांडला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी? मी नाही लिहिणार. त्रिवार नाही! साहेबांना तोंडावर सांगून आले.

… हो, आहेच हट्टी. … बाबांच्या वेळी? ते आत्ता कशाला मध्ये आणतेस? … हो, आले उशिरा. सहा वर्षं ऐकतेय, उशिरा आलीस, उशिरा आलीस…

… बाईंची चूक नाही हे कशावरून म्हणजे? दर दोन महिन्यांनी आम्ही थोड्या पेशी गोठवून ठेवतो. त्या सगळ्या नळ्या तपासून घेतल्या. मार्चच्या आधीच्या शुद्ध, नंतरच्या भेसळीच्या. मग जुनी वही काढली. आमचा नियम आहे, एका वेळी एकच बाटली उघडायची. वहीत एका दिवशी, एकाच वेळेला दोन लिहिल्यात. अक्षर माझं.

… माझंच गं. … घाई होती. … कसली म्हणजे? होती. … कुणाचा तरी फोन आला होता. … आता तारीख कशाला हवी तुला?

… अकरा मार्च. सहा वर्षांपूर्वीचा.

… ताई?

… ताई, बोल ना. … नाही, नाही, अगं तुझी काय चूक? बाबांना आयसीयूत नेलंय, ये, एवढंच म्हणालीस तू. मीच म्हटलं, आता दोन-तीन दिवस यायला जमणार नाही, पेशींना खायला घालून निघू. तुझा फोन खांद्यात धरला, दोन्ही बाटल्या उघडल्या, आणि एकाच नळीने दोघींना पाजलं; एकीतल्या पेशी दुसरीत गेल्या आणि तिथे माजल्या. दहा मिनिटं लागली. … हो. तीच दहा मिनिटं. मी पोहोचले आणि तू दारातच म्हणालीस, आत्ताच गेले.

… रडू नकोस. मी रडून घेतलंय, ती वही मांडीवर घेऊन. पण म्हणून ते बाईंच्या माथी मारू? बाबांनी कानाखाली वाजवली असती.

… पत्र ना? गेलं सकाळीच. चूक माझी, सही माझी. त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनाही फोन केला, त्यांनी थांबवलंय. … एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यापासून, हो! मग? त्या मार्चच्या आधीची, गोठवलेली एक नळी शिल्लक आहे. आजच बाहेर काढलीय.

… काय म्हणालीस? … पुन्हा म्हण. … बरं. नको म्हणूस आता कधी, उशिरा आलीस म्हणून.

… नाही, आता ठेवायला हवा. फोन बाहेरच्या खणात जातो, आत नेतच नाही मी. … काही झालं तर? लॅबच्या फोनवर कर. हातातली बाटली बंद करीन आणि तशीच निघेन. पेशी राहतील उपाशी.

… हो. ठेवते.