दिवा गेलेला मायक्रोस्कोप

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या आजोबांना पडद्याआडच्या दोन तरुण मुलींचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

"प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी आल्या होत्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर नुसता काळाकुट्ट अंधार!"

"अगं बाई! मग?"

"मग काय, पुस्तकातली आकृती तोंडपाठ होती. काढली, रंगवली, केंद्रकसुद्धा दाखवलं."

"आणि सरांनी चालवून घेतलं?"

"चालवून काय घेतलं? त्यांनी स्वतः डोळा लावला, मान डोलावली आणि म्हणाले, 'वा, सुरेख दिसतायत!' पैकीच्या पैकी मार्क!"

"पण अंधार कशाने?"

"दिवाच गेला होता. माझ्या आधीची मुलगी तसं सांगायला गेली, तर सर म्हणाले, 'अभ्यास नाही म्हणून सबबी सांगतेस?' नापास केलं तिला. अजून घरीच बसलीय बिचारी. बरं, पुढचं कोण? या आजोबा, बाही वर करा."

आजोबांनी बाही जेमतेम कोपरापर्यंत सरकवली.

"रिपोर्ट कधी मिळेल?"

"संध्याकाळी. आणि एवढे घाबरताय कशाला? नॉर्मलच येणार!"

आजोबांनी बाही खाली ओढून बटण लावलं.

"बाळ, त्या नापास मुलीचा पत्ता मिळेल का गं?"