म्हशीखालचं ब्रीदवाक्य

ब्रीदवाक्याचं काय सांगताय, मोबाईल यायच्या आधी आमच्या दूध संस्थेचं लेटरहेड छापायचं हुतं. वर म्हशीचं चित्र ठरलं. शाहूपुरीतला प्रेसवाला म्हणाला, "खाली ब्रीदवाक्य पायजे." चेअरमन तात्यांनी जागेवरच सांगितलं, "सत्य, शिस्त, सेवा."

हजार कागद छापून आले आणि दुसऱ्या दिवशी गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर संस्थेत येऊन कडाडले, "तात्या, हे आमच्या शाळेचं ब्रीद! पहिल्यापासून गेटवर आहे. तुम्ही ते म्हशीखाली घातलंत?"

तात्यांनी त्यांना खुर्ची दिली.

"सर, तुमच्या शाळंत सात वर्सं काढली मी. गेटच्या आत ते कुणी वापरल्यालं कवा दिसलं न्हाय. म्हटलं, नुसतं पडून हाय, तर म्हशीच्या तरी कामाला यील की!"